टेप जिथे संपायची तिथून पुढे

31 जानेवारी 2008, गुरुवार

महालक्ष्मी एक्स्प्रेस कोल्हापूर स्टेशनातून हलली तेव्हा दादा खिडकीशी बसून उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर वाजवत होता. टगडक्, टगडक्, टगडक्. एक लांब, दोन आखूड. घोडा दौडताना टापांचा जो आवाज होतो तोच. स्टीव्ह हॅरिस बास गिटार असा वाजवतो, नुसत्या बोटांनी. आयर्न मेडन हा हेवी मेटल, म्हणजे जोरकस, वेगवान गिटारींच्या संगीताचा बँड त्याने 1975 च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये उभा केला आणि तेव्हापासून त्याची ही दौड थांबलेली नाही. उद्या संध्याकाळी हा माणूस आमच्यासमोर उभा असणार होता.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. मी बारा वर्षांचा असताना त्याने मला एक कॅसेट दिली. साठ मिनिटांची, कुणाकडून तरी भरून घेतलेली, कव्हरवर निळ्या शाईत गाण्यांची नावं. 'लाइव्ह आफ्टर डेथ', म्हणजे मेडनच्या 1984-85 च्या दौऱ्यातलं प्रत्यक्ष कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण. एका बाजूला तीस मिनिटं. त्या बाजूचं शेवटचं गाणं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर', आणि ते एकटंच तेरा मिनिटांचं. कोलरिजच्या 1798 सालच्या दीर्घ कवितेवर बेतलेलं. खलाशी अल्बट्रॉस पक्षी मारतो, मग वारा पडतो, जहाज समुद्रात जागच्या जागी थिजतं, सोबती एकेक करून मरतात. हे गाणं साधारण पाच मिनिटं जोरात धावतं, मग सगळी वाद्यं थांबतात, फक्त बास उरतो. आणि नेमकी तिथे आमची टेप संपायची. खट! बटण वर. दुसऱ्या बाजूला सरळ पुढचं गाणं.

त्या खलाशाचं पुढे काय झालं हे मला सहा वर्षं माहीत नव्हतं. नंतर सीडी मिळाली, गाणं पूर्ण ऐकलं, असंख्य वेळा ऐकलं. पण कान एकदा जे शिकतो ते शिकतो. आजही ती शांतता आली की डोक्यात आधी बटण वाजतं.

आता हे सगळं सांगायचं कारण असं, की हा जो दौरा होता तो ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा होता. प्राचीन इजिप्तच्या सजावटीचा तो जुना मंच पुन्हा उभारणार, जुनी गाणी वाजवणार, असं बँडने जाहीर केलं होतं. आणि दौऱ्याचा पहिला कार्यक्रम होता मुंबईत. लंडन, टोकियो, न्यूयॉर्क सगळे मागे, आधी मुंबई! पहिलाच कार्यक्रम, त्यामुळे गाण्यांची यादी जगात कुणालाच ठाऊक नव्हती. 'राइम' त्यांनी जवळजवळ वीस वर्षांत मंचावर वाजवलेलं नव्हतं. वाजवतील अशी कुजबुज होती. दादा मात्र त्या गाण्याचं नाव तोंडातून काढत नव्हता. मी मिरजेच्या आसपास एकदा विषय काढला.

"बोलू नको त्याबद्दल," तो म्हणाला. "आलं तर आलं."

सातारा मागे पडेपर्यंत डबा झोपला. मी झोपलो नाही. कोल्हापूर-पुणे मार्गावर तेव्हा विजेच्या तारा नव्हत्या, त्यामुळे पुण्याला डिझेलचं इंजिन काढून विजेचं लावायचे, आणि गाडी तिथे बराच वेळ उभी राहायची. त्या मध्यरात्रीनंतरच्या अंधारात फलाटावर चार मुलं दिसली. काळे टी-शर्ट, पाठीला सॅक, एकाच्या छातीवर एडी. एडी म्हणजे बँडचा तो सुरकुतलेला, दात विचकणारा राक्षस, प्रत्येक अल्बमच्या कव्हरवर असणारा. आमच्या गावात हे संगीत ऐकणारे आम्ही दोघं आणि दादाचे एकदोन मित्र. पंधरा वर्षांत मी असा टी-शर्ट घातलेला अनोळखी माणूस पाहिला नव्हता. ती मुलं आमच्याच डब्यात चढली. त्यांच्यातल्या एकाने दादाच्या टी-शर्टकडे पाहिलं, दादाने त्याच्या. कुणी काही बोललं नाही. मुलाने नुसती मान हलवली आणि पुढे गेला.

मला अजून तो क्षण कार्यक्रमातल्या कुठल्याही क्षणाइतका स्वच्छ आठवतो.

1 फेब्रुवारी, शुक्रवार

लोणावळा सोडून गाडी घाट उतरत होती तेव्हा जाग आली, म्हणजे शेवटी डोळा लागला होता तर. दादरला उतरलो, तिथून लोकलने सायन. दादाच्या मित्राची खोली तिथे होती. अंघोळ, थोडी झोप, आणि उगाच हातपाय हलवत दुपारची वाट पाहणं. त्या काही तासांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

दादाच्या मित्राकडून एक गोष्ट मात्र कळली, म्हणजे आम्हाला वाचून माहीत होती पण त्याने ती पुन्हा अशी सांगितली की अंगावर काटा आला. बँड स्वतःच्या विमानाने आला होता. बोइंग 757, शेपटीवर एडी रंगवलेला. आणि विमान चालवणारा वैमानिक म्हणजे त्यांचा गायक, ब्रूस डिकिन्सन! हा माणूस खरोखरच विमान कंपनीत कॅप्टन होता. मागच्या खुर्च्या काढून तिथे मंचाचं सामान भरलेलं, जवळजवळ बारा टन. पंचेचाळीस दिवसांत तेवीस कार्यक्रम, पाच खंड. सामान जहाजाने पाठवलं असतं तर असा दौरा जमलाच नसता. हे गणित विमानामुळे सुटलं, आणि म्हणून मुंबई त्या यादीत आली. जो माणूस रात्री दोन तास टिपेच्या सुरात गातो तोच दुसऱ्या दिवशी पन्नास-साठ माणसांना घेऊन समुद्रावरून उडतो, याचं मला आजही नवल वाटतं.

तीनच्या सुमाराला कुर्ल्याहून चालत वांद्रे-कुर्ला संकुलाकडे निघालो. रस्ता चुकायचा प्रश्नच नव्हता. काळ्या टी-शर्टांची एक ओळ पुढे जात होती, तिच्यामागे जायचं. मिठी नदीच्या अलीकडे ओळ दाट झाली आणि मैदानाच्या बाहेर तिचा जमाव झाला.

रांगेत आमच्या पुढे आसामकडून आलेली तीन मुलं होती. दोन रात्री रेल्वेत काढून आली होती. त्यांच्याकडे कापडी रंगांनी हाताने रंगवलेला झेंडा होता, त्यावर बँडचं ते टोकदार अक्षरांतलं नाव. रेषा इतक्या नेटक्या की छापील वाटाव्यात. आमची हिंदी आणि त्यांची हिंदी यांचं फारसं जमत नव्हतं. मग त्यांच्यातला एकजण 'द ट्रूपर'ची सुरुवातीची गिटारची ओळ तोंडाने गायला लागला. दादाने लगेच वरची ओळ धरली. मेडनच्या गिटारींची गंमतच ती आहे. एक गिटार 'सा'वर चालत असेल तर दुसरी 'ग'वरून तिच्यासोबत चालते, दोघी एकाच वाटेने, थोडं अंतर राखून. गुवाहाटीचा मुलगा 'सा', कोल्हापूरचा दादा 'ग'. रांगेतले दहा-पंधरा जण टाळ्या वाजवायला लागले. दादा पंचविशीनंतर कधी कुणासमोर गायलेला मी पाहिला नव्हता.

तपासणीला फार वेळ लागला. दाराशी बॅगा ठेवून घेतल्या, पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या, आणि बाहेर कुणी काय सांगायचं याचा मेळ नव्हता. एका दारावरून दुसऱ्या दारावर पाठवलं, तिथून परत पहिल्या. मागून रेटा वाढला तेव्हा थोडी भीती वाटली. पण त्या जमावाचं एक पाहिलं. पुढे एक मुलगी तोल जाऊन पडली, आणि एका क्षणात तिच्याभोवती गोल मोकळा झाला, चार हातांनी तिला उभं केलं. पुढे आतही हेच दिसलं. अंगावर अंग आपटून नाचणारी पोरं होती, पण कुणी पडला की नाच थांबायचा, उचलायचं, मग पुन्हा सुरू. बाहेरून पाहणाऱ्याला हे संगीत संतापाचं वाटतं. आत उभं राहिलेल्याला तसं वाटत नाही.

आत गेलो. मोकळं मैदान, पायाखाली बारीक धूळ. मंचापासून साधारण पंचवीस-तीस पावलांवर जागा मिळाली. दादाने कानात घालायला फोमचे बोळे आणले होते, दोन जोड्या. "घाल," म्हणाला. "कानाच्या आत शंखात केसांसारख्या पेशी असतात. एकदा मेल्या की परत येत नाहीत. मला अजून वीस वर्षं ऐकायचंय." मी घातले. त्याबद्दल त्याचे आभार मी कधी मानले नाहीत, इथे मानतो.

अंधार पडला. आणि मग ध्वनिक्षेपकावर एक जुनं गाणं लागलं, यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर'. ज्यांना माहीत नव्हतं ते उभे राहिले. ज्यांना माहीत होतं ते किंचाळले. मेडनच्या कार्यक्रमाआधी हे गाणं लागलं की समजायचं, आता आले. आसामच्या मुलांनी झेंडा वर धरला. गाणं संपलं, दिवे गेले, पडद्यांवर काळीपांढरी लढाऊ विमानं दिसू लागली आणि चर्चिलचा आवाज आला, 1940 च्या जूनमधलं ते भाषण, किनाऱ्यांवर लढू, मैदानांवर लढू. आमच्या कॅसेटची सुरुवात हीच होती! हाच आवाज, हेच शब्द. खरखरीसकट पाठ. मी दादाकडे पाहिलं. त्याचे ओठ शब्दाला शब्द हलत होते.

आणि मग पहिला ठोका.

कसं सांगू? आवाज कानाने ऐकायचा असतो ही माझी समजूत त्या क्षणी गेली. पहिल्यांदा पोटात काहीतरी हललं, मग छातीचा पिंजरा थरथरला, मग कानाला कळलं की 'एसेस हाय' सुरू झालंय. दादाने नंतर सांगितलं की बासच्या सगळ्यात जाड तारेची कंपनं सेकंदाला साधारण एकेचाळीस असतात, आणि त्या लाटेची लांबी आठ मीटरच्या वर जाते. घरातल्या छोट्या स्पीकरला ती लाट झेपतच नाही. म्हणजे पंधरा वर्षं आम्ही जे ऐकत होतो त्यातला खालचा मजला आम्ही कधी ऐकलाच नव्हता. स्टीव्ह हॅरिस मंचाच्या कडेला आला, एक पाय पुढच्या स्पीकरवर ठेवला, गिटार बंदुकीसारखी आमच्याकडे रोखली आणि ती दौड सुरू केली. माझ्या छातीत टगडक्, टगडक् वाजत होतं. माझ्या हृदयाचा ठोका कुठला आणि त्याचा कुठला हे वेगळं करता येत नव्हतं.

ब्रूस डिकिन्सन त्या वर्षी पन्नाशीला पोचणार होता. तो धावत आला, मंचावरच्या कठड्यावरून उडी मारली आणि गायला लागला. सगळ्यात वरच्या पट्टीत, धावता धावता. तिन्ही गिटारवाले, डेव्ह मरी, एड्रियन स्मिथ आणि यानिक गर्स, समोर ओळीत. मागे निको मॅकब्रेन, ढोलांच्या डोंगरामागे जवळजवळ दिसेनासा, अनवाणी पायांनी पेडल मारणारा. (पुढे 2024 च्या डिसेंबरात साव पावलोच्या कार्यक्रमानंतर त्याने दौरे थांबवले, ती बातमी आली त्या रात्री दादाने मला फोन केला होता. आम्ही दोघं बराच वेळ नुसते फोन धरून होतो.)

या पहिल्या गाण्याचं चित्रीकरण पुढे 2009 साली आलेल्या त्यांच्या दौऱ्यावरच्या माहितीपटात घेतलं गेलं. त्यात मुंबईची गर्दी दिसते. आम्ही दोघं दिसत नाही, पण हाताने रंगवलेले झेंडे दिसतात, आणि त्यातला एखादा त्या तिघांचा असेल असं मला वाटतं.

मधली गाणी मी सगळी क्रमाने सांगत बसत नाही. 'द ट्रूपर'ला ब्रूस लाल लष्करी कोट घालून मोठा झेंडा फिरवत आला. 1854 ची बॅलाक्लाव्हाची लढाई, तोफांच्या तोंडी धावलेले घोडेस्वार, त्यांचं ते गाणं. रांगेत दोघांनी गायलेली ओळ आता सगळं मैदान गात होतं. उड्यांनी उडालेली धूळ दिव्यांच्या झोतात तांबूस दिसत होती, जिभेवर मातीची चव येत होती. मागच्या टोकाच्या टाळ्या आमच्या टाळ्यांपेक्षा किंचित मागून पडायच्या. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, त्यामुळे मंचावरचा ठोका शंभर मीटर मागे पोचायला जवळजवळ तीन दशांश सेकंद लागतो. प्रत्येक टाळी पुढून मागे लाटेसारखी जात होती. दादा मला हे ओरडून सांगत होता आणि मी फक्त हसत होतो.

सात गाणी झाली. मग दिवे निळे झाले. ब्रूसने अंगावर फाटक्या चिंध्यांचा झगा घेतला.

दादाने माझं मनगट धरलं. पहिला सूर यायच्या आधीच त्याला कळलं होतं.

'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'. जवळपास वीस वर्षांनी, जगात पहिल्यांदा पुन्हा, इथे, या धुळीत. गर्दीतून जो आवाज उठला तो आरडाओरडा नव्हता, वेगळाच होता, हजारो माणसांनी एकाच वेळी श्वास आत घ्यावा तसा. आमच्यासारखे किती असतील तिथे! आपापल्या गावात, बंद खोलीत, आवाज कमी करून हे गाणं ऐकलेले. वर्गात कुणाला सांगायची सोय नाही, घरात कुणाला कळत नाही. प्रत्येकाला वाटत आलेलं की हे फक्त माझं आहे. आणि आता शेजारचा अनोळखी माणूस त्यातला शब्दन् शब्द गात होता.

पहिली पाच मिनिटं जहाज धावलं. मग वाद्यं एकेक करून गळाली. बास उरला. दिवे जवळजवळ विझले.

माझ्या डोक्यात बटण वाजलं. खट.

आणि संगीत चालूच राहिलं.

मंचावर धुकं सोडलं होतं, त्यात जहाजाची लाकडं करकरल्याचा आवाज येत होता. बासचे दोनच सूर पुढे मागे, पाण्यावर तरंगल्यासारखे. कवितेतल्या ओळी घोगऱ्या आवाजात कुणी सांगत होतं. मैदानावर इतकी माणसं आणि इतकी शांतता, की माझ्यामागे कुणीतरी नाक ओढलेलं ऐकू आलं. दादाने माझं मनगट सोडलं नव्हतं. सीडीवर हा भाग मी शेकडो वेळा ऐकला होता, तरी मला असं वाटत होतं की पुढे काय होणार ते आता पहिल्यांदा कळतंय. थांबलेलं जहाज डोळ्यांसमोर होतं. मग फार हळू, तळातून, गिटारी परत यायला लागल्या. ढोलाचा ठोका. अजून एक. ब्रूसचा आवाज चढत गेला, चढत गेला, आणि ज्या क्षणी तो टिपेला पोचून सगळी वाद्यं एकदम कोसळली त्या क्षणी सगळं मैदान एकाच वेळी हवेत उडालं. मी उडालो. सदतीस वर्षांचा माझा दादा उडाला. त्याच्या गालावरच्या धुळीत पाण्याची एक रेघ होती.

त्यानंतरचं मला थोडं विस्कळीतच आठवतं. 'पॉवरस्लेव्ह'ला ब्रूस पिसांचा मुखवटा घालून आला. 'फियर ऑफ द डार्क'ची सुरुवात मात्र पक्की आठवते. गिटारची ती संथ ओळ सुरू झाली आणि गर्दीने ती उचलली. शब्द नाहीत, नुसता आकार, ओ-ओ-ओ, हजारो कंठ. गाण्याचे शब्द पाठ असणं समजू शकतं, पण या लोकांना गिटारी पाठ होत्या! बँड थांबला असता तरी गाणं पुढे गेलं असतं. डेव्ह मरी आमच्याकडे पाहून हसत होता, लहान मुलासारखा, वाजवता वाजवता.

नंतर तो एडी आला, दोन पुरुष उंचीचा, हातात बंदूक, यंत्रमानवाच्या रूपातला. यानिक गर्स त्याच्या पायांमधून पळत होता. शेवटी 'हॅलोड बी दाय नेम'ची घंटा वाजली. फाशीच्या आदल्या रात्रीचा कैदी, घड्याळात पहाटेचे पाच वाजायची वाट बघणारा. शेवटच्या दोन मिनिटांत तिन्ही गिटारी ज्या वेगाने धावतात त्या वेगाला माझ्याकडे शब्द नाही.

संपलं. दिवे लागले. ध्वनिक्षेपकावर त्यांचं नेहमीचं निरोपाचं गाणं लागलं, शिट्टी वाजवत म्हणायचं, आयुष्याच्या उजळ बाजूकडे पाहा सांगणारं. लोक ते शिट्टीवर वाजवत बाहेर पडत होते. आसामची मुलं झेंडा घडी करत होती. दादा त्यांच्याकडे गेला. बोलायला दोघांकडेही आवाज नव्हता. त्यांनी एकमेकांना मिठी मारली, आणि आम्ही कुर्ल्याच्या दिशेने चालायला लागलो.

2 फेब्रुवारी, शनिवार

उठलो तर कानात बारीक शीळ. बोळे घालूनही. दादा म्हणाला, पेशी दमल्यात, दिवसभरात जाईल. संध्याकाळपर्यंत गेली. खाकरलं की काळपट धूळ निघत होती. मान एका बाजूला वळत नव्हती. पोटऱ्या दगड झाल्या होत्या. आपण इतक्या उड्या मारल्याचं मला आठवत नव्हतं, पण पायांना आठवत होतं.

दिवस रेंगाळत गेला. सायनच्या खोलीत दुपारभर आम्ही तिघं जमिनीवर पडून होतो आणि कुणी गाणी लावली नाहीत. दादाच्या मित्राने कपाटातून कॅसेट काढली होती, हातात घेतली, परत ठेवली. विमान पर्थला जाणार होतं. चार तारखेला तिथला कार्यक्रम, मग मेलबर्न, सिडनी, जपान, पुढे मेक्सिको, कोलंबिया, ब्राझील. आता त्या सगळ्या गावांना यादी कळली होती. पर्थचा माणूस मैदानात शिरेल तेव्हा त्याला ठाऊक असेल की 'राइम' येणार आहे. आम्हाला ते ठाऊक नव्हतं, आणि मला वाटतं जगातल्या कुठल्याही तिकिटावर हे मिळत नाही.

संध्याकाळी सीएसटीला आलो. परतीच्या महालक्ष्मीच्या फलाटावर काळे टी-शर्ट मोजले, अकरा. कराडचे दोघं, सांगलीचे तिघं, किर्लोस्करवाडीचा एक मुलगा एकटाच आलेला, अजून कॉलेजात. कालच्या रात्री हे सगळे त्याच मैदानात होते. आता कुणी नुसती मान हलवून पुढे गेलं नाही. गाडी सुटायच्या आत सगळे एकाच डब्यात जमले. टीसीने दोनदा येऊन आपापल्या जागी जायला सांगितलं, दोन्ही वेळा सगळे उठले आणि दोन्ही वेळा परत आले.

किर्लोस्करवाडीच्या मुलाने विचारलं, "तुम्ही कुठली कॅसेट ऐकून सुरू केलंत?"

मग प्रत्येकाने आपापली सांगितली. कुणाला भावाने दिली, कुणाला भाड्याच्या खोलीत आधीच्या भाडेकरूची पडलेली मिळाली, कुणी रेडिओवर अर्धंच गाणं ऐकून नाव शोधत वर्ष घालवलं. प्रत्येकाच्या टेपमध्ये काहीतरी खराब होतं. एकाची एका जागी लटपटायची, एकाची शेवटाला फाटलेली. दादाने आमच्या टेपचं सांगितलं, जिथे ती थांबायची तिथलं. सगळे शांत झाले. मग सांगलीचा एकजण सावकाश तोंडाने बासचे ते दोन सूर काढायला लागला, धुक्यातले. बाकीच्यांनी धरले. चाकांचा खडखडाट खाली चालूच होता. समोरच्या बर्थवरच्या आजी उठून बसल्या, थोडा वेळ ऐकलं, "भजनाचं हाय व्हय?" असं विचारून परत आडव्या झाल्या.

3 फेब्रुवारी, रविवार

एकेक करून सगळे उतरले. कराड, किर्लोस्करवाडी, सांगली. प्रत्येक ठिकाणी खिडकीतून हात बाहेर, दोन बोटांची शिंगं करून. त्यांच्यातल्या दोघांशी अजून संपर्क आहे.

कोल्हापूरला उजाडलं होतं. रिक्षातून उतरलो तेव्हा आत्या दारात उभी होती. तिने ती कॅसेट पंधरा वर्षं भिंतीपलीकडून ऐकली होती. कुठे टेप थांबते हे तिलाही पाठ होतं. बटण वाजलं की ती स्वयंपाकघरातून हाक मारायची, "संपली रे, उलटी कर."

"मिळालं का ऐकायला ते तुझं गाणं?" तिने विचारलं.

दादाचा आवाज बसला होता. त्याने बूट काढले, पिशवी खाली ठेवली. दाराच्या चौकटीवर दोन बोटं वाजवली, टगडक्, टगडक्.

"पूर्ण," तो म्हणाला.